केबलच्या वायरला फाटे फोडण्याआधी

घरात केबलची वायर एकच येते. आधी ती हॉलमधल्या टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सला लागलेली असते. मग त्याच केबलवाल्याकडून इंटरनेट घेतलं जातं, मॉडेम येतो. पुढे आईबाबांच्या खोलीत वेगळा टीव्ही लागतो. वायर मात्र तीच. केबलवाल्याचा माणूस एक छोटा चंदेरी डबा, म्हणजे स्प्लिटर, काढतो, तीन पिना आवळतो, चित्र दाखवतो आणि जातो. काही दिवसांनी तक्रारी सुरू होतात. मीटिंगमध्ये आपला आवाज तुटतो, पावसात नेट जातं, एखादंच चॅनेल चौकोन चौकोन होऊन अडकतं. एक जण म्हणतो स्प्लिटर काढून टाका, दुसरा म्हणतो बूस्टर लावा, तिसरा नवा मॉडेम घ्यायला सांगतो.

तिघांचंही म्हणणं कधी ना कधी बरोबर असू शकतं. पण ते कधी बरोबर आणि कधी चूक हे ओळखायला एक हिशेब यावा लागतो. तो अवघड नाही. स्प्लिटरमध्ये वाटली जाते ती सिग्नलची ताकद. तुम्ही पैसे भरलेला स्पीड तिथे वाटला जात नाही. ताकद किती आली, वाटेत किती गेली आणि शेवटी किती उरली, एवढीच वजाबाकी करायची असते. ती कळली की फाटे कुठे आणि किती काढायचे हे घरच्या घरी ठरवता येतं.

आधी आपली वायर ओळखा

'केबलचं नेट' म्हणून जे घरात येतं ते तीन वेगवेगळ्या तारांतून येऊ शकतं, आणि हा सगळा हिशेब त्यांपैकी एकाच तारेला लागू पडतो. मॉडेममागची वायर बघा. गोल, करंगळीपेक्षा बारीक, टोकाला आटे असलेली धातूची पिन आणि मधोमध तांब्याची एक तार, अशी असेल तर ती कोअॅक्सियल केबल. बोलताना सगळे तिला 'केबलची वायर'च म्हणतात. टोकाला प्लास्टिकची चौकोनी क्लिप असेल तर ती लॅनची वायर, आणि तिला केबलचा स्प्लिटर लागूच होत नाही. दोऱ्यासारखी बारीक, हिरव्या किंवा निळ्या टोकाची वायर असेल तर तुमच्याकडे फायबर आहे. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच जुन्या इमारतींत आजही कोअॅक्सियलवरच मॉडेम चालतात. अमेरिकेत आणि कॅनडात राहणाऱ्या मराठी घरांमध्ये तर हाच प्रकार सर्रास दिसतो. तिथल्या घरांच्या भिंतींत ही वायर घर बांधतानाच टाकलेली असते, आणि तळघरात किंवा गॅरेजमध्ये कुणीतरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी लावलेला स्प्लिटर तसाच असतो.

एका तारेत टीव्ही आणि नेट दोन्ही कसं मावतं

रेडिओवर एफएमची स्टेशनं ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना धक्का न लावता शेजारी शेजारी असतात. केबलच्या तारेतही तेच चालतं, फक्त पट्टा खूप मोठा आहे: साधारण ५ पासून १००० मेगाहर्ट्झपर्यंत. आपल्याकडे त्याचे ८-८ मेगाहर्ट्झचे तुकडे पाडलेले असतात. एखाद्या तुकड्यात टीव्हीची बरीच चॅनेलं एकत्र दाबून बसवलेली असतात, तर दुसऱ्या तुकड्यात इंटरनेटचा डेटा असतो. सेट टॉप बॉक्स आपले तुकडे उचलतो, मॉडेम आपले. एकाच तारेवर असूनही दोघे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. आईबाबांनी मालिका लावली म्हणून तुमचं नेट मंद झालं, असं या तारेवर होत नाही. (तीच मालिका मोबाइलच्या ॲपवर वायफायने पाहिली, तर ती नेटमधूनच येते. तो प्रकार वेगळा.)

या पट्ट्याचा अगदी खालचा भाग, आपल्याकडे आणि युरोपात साधारण ५ ते ६५ आणि अमेरिकेत पूर्वापार ५ ते ४२ मेगाहर्ट्झ, परतीसाठी राखून ठेवलेला असतो. मॉडेम केबलवाल्याकडे जे पाठवतो ते याच अरुंद वाटेने जातं. ही परतीची वाट लक्षात ठेवा. घरातल्या निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ तिथे असतं, असं माझं ठाम मत आहे, आणि तिच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं.

मॉडेम आणि केबलवाल्याचं यंत्र एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात त्यांना डॉक्सिस म्हणतात. त्याची पहिली आवृत्ती १९९७ची, आणि बऱ्याच तुकड्यांना जोडून एकदम वापरण्याची सोय आली ती २००६च्या ३.० आवृत्तीत. ८ मेगाहर्ट्झच्या एका तुकड्यातून सुमारे ५० एमबीपीएस जातात. आठ तुकडे जोडले तर ४०० च्या आसपास.

डेसिबल: एवढं एकच माप शिका

ताकद किती पटीने घटली किंवा वाढली हे डेसिबलमध्ये सांगतात. केबलवाले नुसतं 'डीबी' म्हणतात. ३ डीबी गेले म्हणजे ताकद निम्मी झाली, १० डीबी गेले म्हणजे एक दशांश उरली. पटींचा गुणाकार-भागाकार करत बसावं लागत नाही, डीबी नुसते मिळवायचे किंवा वजा करायचे, ही या मापाची मोठी सोय.

गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाइपला प्लंबर टी बसवतो आणि दोन फाटे काढतो, तसा दोन तोंडांचा स्प्लिटर आलेला सिग्नल दोन वाटांना निम्मा निम्मा देतो. निम्मा म्हणजे ३ डीबी, आणि थोडा सिग्नल डबा स्वतः खातो, म्हणून प्रत्येक तोंडावर साधारण ३.५ डीबी कमी. चार तोंडांचा असेल तर ७ डीबी, आठ तोंडांचा असेल तर ११ च्या आसपास. पण पाण्याशी असलेलं साम्य इथेच संपतं. पाइपच्या एका फाट्याचा नळ बंद केला की सगळं पाणी दुसऱ्या फाट्याला मिळतं. स्प्लिटरमध्ये तसं घडत नाही. चार तोंडांपैकी तीन रिकामी असली, टीव्ही बंद असले, तरी चौथ्याला मिळतो तो एक चतुर्थांशच. 'पुढेमागे लागेल' म्हणून आज आठ तोंडांचा डबा बसवला, तर त्याची किंमत आजपासूनच मोजावी लागते.

वायरही सिग्नल खाते. घरात वापरतात त्या आरजी-६ वायरमध्ये १००० मेगाहर्ट्झला ३० मीटरला सुमारे ६.५ डीबी जातात, तर ५५ मेगाहर्ट्झला तेवढ्याच अंतरात जेमतेम दीड. म्हणजे वरच्या पट्ट्यातली चॅनेलं लांब वायरीवर आधी कोमेजतात. सगळं नीट दिसतंय पण नेमकी पाच-सहा चॅनेलंच तुटतात, या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा हेच असतं: ती सगळी एकाच वरच्या तुकड्यात बसलेली असतात. जुन्या घरांत आरजी-५९ नावाची आणखी बारीक वायर सापडते. ती त्याच अंतरात आरजी-६ पेक्षा जास्त सिग्नल खाते.

आता 'किती उरला तर चालेल' हा प्रश्न. मॉडेमच्या माहितीच्या पानावर (ते कसं उघडायचं हे पुढे सांगितलंय) हा आकडा मिलिव्होल्टच्या तुलनेत दाखवतात. तिथे शून्य म्हणजे बरोबर एक मिलिव्होल्ट. उणे ७ ते अधिक ७ ही सुखाची जागा. उणे १५ ते अधिक १५ पर्यंत मॉडेमने काम करावं असं नियम सांगतो, पण कडेला राहून चालवण्यात अर्थ नाही. केबलवाल्याच्या हातातला मीटर मात्र मायक्रोव्होल्टच्या तुलनेत बोलतो, म्हणून तो 'साठ-पासष्ट डीबी आहे साहेब' म्हणतो. दोघांत गोंधळून जाऊ नका. त्याच्या आकड्यातून ६० वजा केले की मॉडेमचा आकडा मिळतो. त्याचे ६२ म्हणजे मॉडेमचे अधिक २.

मग वायर फोडली की स्पीड निम्मा होतो का?

नाही. तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा असेल तर ती मर्यादा केबलवाल्याने मॉडेमला पाठवलेल्या सूचनांमध्ये ठरलेली असते. ताकद निम्मी झाली म्हणून ती बदलत नाही. शिवाय स्प्लिटर सिग्नलबरोबर बाहेरून आलेला गोंगाटही, म्हणजे तारेत मिसळलेले नको ते सिग्नलही, त्याच प्रमाणात कमी करतो. मॉडेमला महत्त्व असतं ते सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे याला, आणि ते अंतर फाटा काढल्यावर जवळजवळ तसंच राहतं. अधिक ५ चा सिग्नल अधिक १.५ झाला, तर स्पीड टेस्टमध्ये काहीही फरक दिसणार नाही.

फरक पडतो तो सिग्नल अगदी तळाला गेल्यावर, आणि तेव्हा तो एकदम पडतो. जुन्या अॅनालॉग केबलवर सिग्नल कमी झाला की टीव्हीवर मुंग्या यायच्या. आधी थोड्या, मग जास्त, पण बातम्या ऐकू यायच्या. मुंबईत १ नोव्हेंबर २०१२ पासून आणि पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत २०१३ मधल्या दुसऱ्या टप्प्यात सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, आणि मुंग्या गेल्या. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त करण्याची सोय असते, त्यामुळे बऱ्याच खालपर्यंत चित्र स्वच्छ राहतं. दुरुस्तीची ताकद संपली की एक-दोन डीबींच्या फरकात चौकोन येतात आणि मग काळा पडदा. म्हणून 'काल तर छान चालत होतं' या वाक्याला डिजिटल केबलवर फारसा अर्थ उरत नाही. काल कदाचित तुम्ही कड्याच्या टोकावरच उभे होतात. उन्हाने वायर तापली, पिनेत थोडा ओलावा गेला, तेवढं पुरतं.

मॉडेमही असाच वागतो. आधी चुका दुरुस्त करतो, मग डेटा पुन्हा पुन्हा मागवतो, मग जोडलेल्या आठ तुकड्यांपैकी एखाद-दुसरा सोडून देतो, आणि शेवटी बंद पडून नव्याने सुरू होतो. 'नेट स्लो आहे' असं आपण म्हणतो तेव्हा तो बहुधा मधल्या पायऱ्यांवर कुठेतरी असतो.

टीव्ही फक्त ऐकतो, मॉडेमला बोलावंही लागतं

सगळ्या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही. सेट टॉप बॉक्सला फक्त घ्यायचं असतं. मॉडेमला घ्यायचंही असतं आणि पाठवायचंही. स्प्लिटर दोन्ही दिशांना तेवढेच डीबी खातो. सिग्नल घराकडे येताना ३.५ गेले, तसे मॉडेमकडून केबलवाल्याकडे जातानाही ३.५ जातात.

तिकडे पोचताना आवाज ठरावीक पातळीवरच पोचला पाहिजे, असा केबलवाल्याच्या यंत्राचा आग्रह असतो. वाटेत जास्त सिग्नल जात असेल तर ते मॉडेमला 'आणखी जोरात' असं सांगत राहतं. मॉडेम जोर वाढवत जातो. समजा थेट वायरीवर तो ४४ वर बोलतोय (मॉडेमच्या पानावरच्या त्याच मापात). दोन तोंडांचा एक स्प्लिटर आला की ४७.५. हे ठीक आहे, साधारण ३५ ते ४९ ही आरामाची जागा. त्याऐवजी चार तोंडांचा डबा आणि त्याच्यामागे टीव्हीच्या युनिटमध्ये लपलेला आणखी एक दोन तोंडांचा डबा आला, तर ४४ अधिक ७ अधिक ३.५, म्हणजे ५४.५. डॉक्सिस ३.० चा मॉडेम परतीचे चार तुकडे जोडून बोलत असेल तर त्याची मर्यादा साधारण ५१ ला संपते. त्याला तेवढ्या जोरात बोलताच येत नाही. मग तो परतीचे तुकडे सोडतो किंवा संबंध तोडतो. मॉडेमच्या नोंदवहीत अशा वेळी 'टी३ टाइमआउट' असे शब्द दिसतात: त्याने हाक मारली, पण उत्तर आलं नाही.

घरात बसून हे ओळखायची एक खूण आहे. व्हिडिओ कॉलवर समोरचा तुम्हाला स्वच्छ दिसतो आणि ऐकू येतो, पण 'तुझा आवाज तुटतोय' असं तो सांगत राहतो. डाउनलोड छान, अपलोड मरगळलेला. अशा वेळी टीव्हीवरचं सुंदर चित्र पाहून 'सिग्नल ओके आहे' असं सांगणाऱ्यावर विसंबू नका. टीव्हीचं चित्र परतीच्या वाटेबद्दल काहीच सांगत नाही.

आणखी एक बारकावा. परतीची वाट कमी मेगाहर्ट्झची असल्याने लांब वायर तिचं फारसं काही बिघडवत नाही. वीस मीटरला एखादा डीबी जातो. तिथे खरे खाणारे असतात ते स्प्लिटर. म्हणून मॉडेमसाठी वायर थोडी लांब गेली तरी चालेल, पण वाटेतले डबे कमीत कमी हवेत.

मग जोडायचं कसं

वायर घरात शिरते तिथेच दोन तोंडांचा एक चांगला स्प्लिटर लावा. एका तोंडावरून सरळ मॉडेम, मध्ये दुसरं काहीही नको. दुसऱ्या तोंडावरून टीव्हींकडे जा. टीव्ही दोन-तीन असतील तर पुढचा स्प्लिटर त्या बाजूला. असं केलं की टीव्ही कितीही वाढले तरी मॉडेमच्या वाट्याचे ३.५ डीबी कधीच वाढत नाहीत.

आकड्यांत पाहू. जिन्यातल्या टॅपमधून, म्हणजे केबलवाल्याच्या मुख्य वायरीवरून घरांना फाटे देणाऱ्या डब्यातून, अधिक १० सुटला. घरापर्यंतच्या वीस मीटरमध्ये वरच्या पट्ट्यात ४ गेले, उरले अधिक ६. स्प्लिटरनंतर अधिक २.५, आणि मॉडेम खूश. टीव्हीच्या बाजूला आणखी एक दोन तोंडांचा स्प्लिटर, म्हणजे उणे १. आतल्या खोलीपर्यंत पंधरा मीटर, आणखी ३ गेले, उणे ४. सेट टॉप बॉक्सला एवढं पुरतं. सगळे सुखी, आणि बूस्टर कुठेच लागला नाही.

तीन तोंडांचा स्प्लिटर घेतलात तर त्यावरचे आकडे वाचा. बऱ्याच डब्यांवर एका तोंडाशी ३.५ आणि उरलेल्या दोघांशी ७ असं लिहिलेलं असतं. आतमध्ये दोन तोंडांचे दोन स्प्लिटर एकापुढे एक बसवलेले असतात, म्हणून असं. मॉडेम ३.५ च्या तोंडावर लागला पाहिजे. घाईत कुणी तो ७ च्या तोंडावर लावतं, आणि मग महिनोन्महिने मॉडेमला दोष दिला जातो. हे तपासायला अर्धं मिनिट लागतं, आजच पाहा.

काम करताना सेट टॉप बॉक्स आणि मॉडेमचे प्लग आधी भिंतीतून काढा. अर्थिंग नीट नसलेल्या घरात पिनेला हात लागला की झिणझिण्या येतात, त्या या उपकरणांच्या अॅडॅप्टरमधून येतात.

उघडी पिन आणि शेजाऱ्यांचं नेट

आपल्याकडे अजूनही एक पद्धत दिसते: स्प्लिटर नाही म्हणून वायर सोलायची, मधल्या तारा पिळायच्या, बाहेरच्या जाळ्या पिळायच्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळायची. विजेच्या वायरीसाठी जे चालतं ते इथे अजिबात चालत नाही. केबलची सगळी व्यवस्था ७५ ओहमच्या हिशेबाने बांधलेली असते. मधली तार, तिच्याभोवतीचा पांढरा फेस आणि बाहेरची जाळी यांच्यातलं ठरलेलं अंतर हेच तिचं काम. ते बिघडलं की त्या जागेवरून सिग्नलचा काही भाग आल्या वाटेने परत उसळतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळून त्याला गढूळ करतो. मीटरवर ताकद चांगली दिसते आणि तरी चित्र फुटतं, ते यामुळे.

दुसरा तोटा मोठा आहे. जाळी हा तारेचा कोट आहे. तो उघडा पडला की ती जागा अँटेना होते. मोबाइलचे ७०० ते ९०० मेगाहर्ट्झचे सिग्नल, एफएमची स्टेशनं, मिक्सरच्या मोटरची खरखर, एलईडी दिव्यांच्या आणि इन्व्हर्टरच्या सर्किटचा गोंगाट, सगळं आत शिरतं. यातला खालच्या पट्ट्यातला गोंगाट परतीच्या वाटेने इमारतीबाहेर जातो. केबलवाल्याकडून येणारा सिग्नल एकाकडून अनेकांकडे पसरतो, पण परतीच्या वाटेवर शेकडो घरांमधलं सगळं एकाच जागी गोळा होतं. एका घरातल्या सैल पिनेतून शिरलेला गोंगाट तिथे बाकी सगळ्यांच्या मॉडेमच्या आवाजात मिसळतो. आपल्या घरात सगळं ठीक असूनही संध्याकाळी इमारतभर नेट डळमळतं, तेव्हा त्याचं मूळ तिसऱ्या मजल्यावरच्या कुणा एकाच्या टीव्हीमागे असू शकतं. तंत्रज्ञ मग एकेक घर सुटं करून ते शोधत बसतात, तासन् तास. म्हणून वाकडीतिकडी जोडणी हा फक्त आपल्या घरापुरता प्रश्न राहत नाही. सोसायटीच्या बैठकीत पाण्याची गळती जेवढ्या गांभीर्याने घेतली जाते, तेवढ्याच गांभीर्याने हे घ्यायला हवं.

उपाय स्वस्त आहेत. स्प्लिटरच्या रिकाम्या तोंडावर ७५ ओहमची टोपी लावायची, तिला टर्मिनेटर म्हणतात. पिना दाबून बसवायच्या प्रकारच्या घ्यायच्या, हाताने पिळून बसणाऱ्या टाळायच्या. पिन बसवताना जाळीचा एकही केस मधल्या तारेला चिकटू द्यायचा नाही. वायर काटकोनात मोडायची नाही. गच्चीवर किंवा खिडकीबाहेर जोड असू नये. असलाच तर तो झाकलेल्या डब्यात, आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली एक वळसा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून गळून जातं. कोकणात आणि समुद्राकाठच्या शहरांत खाऱ्या हवेने पिन आतून हिरवी पडते. पावसाळ्याआधी बाहेरच्या पिना बदलून घेणं तिथे फार फायद्याचं ठरतं.

बूस्टर लावला तर?

बूस्टर, म्हणजे अॅम्प्लिफायर, जे आलंय ते मोठं करतो. त्यात गोंगाटही आला, आणि तो स्वतःचा थोडा गोंगाट वर घालतो. हरवलेलं तो परत आणू शकत नाही. म्हणून टीव्हीमागे, सिग्नल आधीच मेलेला असताना तो लावून उपयोग नसतो. लावायचाच तर वायर घरात शिरते तिथे, फाटे फुटण्याआधी, आणि तोही खरंच चार-पाच फाटे असतील तर.

मॉडेमच्या वाटेवर बाजारातला साधा टीव्ही बूस्टर कधीही लावू नका. त्यातले बरेच फक्त एकाच दिशेने सिग्नल सोडतात. मॉडेमला ऐकू येतं पण त्याचं बोलणं तिथेच अडतं, आणि त्याचा ऑनलाइनचा दिवा लुकलुकत राहतो. परतीची वाट मोकळी असलेल्या बूस्टरवर ५ ते ४२ किंवा ५ ते ६५ मेगाहर्ट्झचा वेगळा उल्लेख छापलेला असतो. जास्त ताकद म्हणजे जास्त चांगलं, हाही गैरसमज आहे. अधिक १५ च्या वर गेलं की मॉडेमचाच कान दुखतो आणि चुका वाढतात. अशा ठिकाणी तंत्रज्ञ मुद्दाम सिग्नल कमी करणारा तुकडा लावतात.

महाग स्प्लिटर, डिशचा स्प्लिटर

सोनेरी मुलाम्याला पैसे देऊ नका. डब्यावर ५–१००० मेगाहर्ट्झ किंवा त्याच्या आसपास छापलेलं असावं, मागचं झाकण पक्कं बंद असावं, आणि प्रत्येक तोंडाचे डीबी लिहिलेले असावेत. 'पाच'ने सुरुवात होणं महत्त्वाचं आहे, कारण परतीची वाट तिथूनच आहे. डिशसाठी विकले जाणारे काही डबे ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचे असतात, ते केबलला निरुपयोगी.

उलट बाजूने, डिश अँटेनाच्या एका वायरीला केबलचा स्प्लिटर लावून दोन बॉक्स चालवायचा प्रयत्नही फसतो. डिशचा बॉक्स वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट वर पाठवून छत्रीला 'मला हा गट दे' असं सांगतो. दोन बॉक्स एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी मागू लागले की एकाचं चित्र जातं. तिथे छत्रीवरच दोन वायरींची सोय असलेला भाग बसवून घ्यावा लागतो.

आणि केबलवर फाटा काढला म्हणून दुसऱ्या टीव्हीवर चित्र येत नाही. चॅनेलं कुलूपबंद असतात, प्रत्येक टीव्हीला स्वतःचा बॉक्स आणि त्याचं सुरू केलेलं कनेक्शन लागतं. एकाच बॉक्सची एचडीएमआय वायर वाटून दोन टीव्हींना देता येते, पण मग दोन्ही खोल्यांत एकच चॅनेल.

केबलवाल्याला बोलावण्याआधी

मॉडेमला जोडलेल्या संगणकावर ब्राउझरमध्ये, इंग्रजी आकड्यांत, १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाका. बऱ्याच केबल मॉडेमचं माहितीचं पान तिथे उघडतं. येणारी ताकद, गोंगाटापासूनचं अंतर आणि जाणारी ताकद, असे तीन आकडे लिहून घ्या. अंतर ३३ डीबीच्या वर असलं तर निश्चिंत राहा. मग घरातले सगळे स्प्लिटर बाजूला काढून बाहेरून आलेली वायर सरळ मॉडेमला लावा आणि तेच आकडे पुन्हा लिहा. थेट वायरीवर सगळं सुधारलं तर दोष घरात आहे, आणि तो पिना-डबे बदलून तुम्हीच दुरुस्त करू शकता. थेट वायरीवरही जाणारा आकडा ५० च्या वर असेल, तर दोष बाहेर आहे. मग दोन्ही वेळचे आकडे केबलवाल्याला दाखवा. आकडे समोर असले की 'मॉडेम बदला' हे उत्तर सहसा मिळत नाही, त्याला टॅपपाशी जाऊन मीटर लावावा लागतो.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. तिथे भिंतीतल्या कोअॅक्सियलवरून खोल्याखोल्यांत नेट नेणारी मोका नावाची पद्धत वापरतात. ती ११२५ ते १६७५ मेगाहर्ट्झमध्ये चालते, त्यामुळे जुना १००० मेगाहर्ट्झचा स्प्लिटर तिला अडवू शकतो. आणि वायर घरात शिरते तिथे तिचा फिल्टर लावायला विसरू नका, नाहीतर तुमच्या घरातलं बोलणं शेजाऱ्याच्या वायरीत पोचतं.

आमच्याकडे फायबर आलंय, मग?

फायबरमध्ये एका किलोमीटरला प्रकाश जेमतेम ०.३५ डीबी गमावतो. तांब्याच्या केबलवर तेवढे डीबी दोन मीटरलाच जातात. म्हणून बरीच नवी कनेक्शनं तिकडे वळली. पण फायबरचा फाटा घरी काढता येत नाही. आणि काढला तरी दुसरा मॉडेम केबलवाल्याच्या यंत्रात नोंदवल्याशिवाय बोलू शकत नाही. दुसऱ्या खोलीत नेट हवं असेल तर मॉडेमपासून लॅनची वायर न्या.

टीव्हीचं मात्र वेगळं आहे. बऱ्याच फायबर मॉडेमना आटे असलेलं एक गोल तोंडही असतं. प्रकाशातून आलेला टीव्हीचा सिग्नल तिथे पुन्हा तांब्यात उतरतो, आणि तिथून सेट टॉप बॉक्सला नेहमीची कोअॅक्सियल वायर जाते. या वायरीला स्प्लिटर लावून दोन-तीन टीव्ही आरामात चालतात. नेट या तारेवर नसतंच, त्यामुळे परतीच्या वाटेची चिंता नाही आणि टीव्हीचा साधा बूस्टरही इथे चालून जातो. वजाबाकी मात्र करावीच लागते: मीटर त्या तोंडावर लावायला सांगा, किती सुटतंय ते लिहून घ्या, आणि फाटे त्या हिशेबाने काढा.